बिनजामीनदाराचा प्रल्हाद

वकिलीत पैसा साठतो की नाही ते ज्याचं त्याला माहीत, किस्से मात्र साठतातच. कोर्टातला निम्मा दिवस पुकाऱ्याची वाट बघण्यात जातो, आणि वाट बघणारी चार माणसं एका टेबलाभोवती बसली की दुसरं काय होणार? आमचं टेबल बार रूममधल्या खिडकीजवळचं. त्याचा एक पाय आखूड आहे आणि त्याखाली केव्हाच रद्द झालेल्या एका कायद्याचं जाडजूड पुस्तक घातलेलं आहे. "या कायद्यानं आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी आधार दिला!" इति पेंडसे सर.

पेंडसे सर आमच्यातले सगळ्यात सीनियर. सदाशिव पेठेत राहणार, कोर्टात चालत येणार, आणि बोलणार कमी पण वर्मी लागेल असं. दुसरा दत्ता ओझरकर, खुद्द हिंजवडीचा. गावात आयटी पार्क आलं तेव्हा हा लॉ कॉलेजात होता. बाहेर पडला तोवर घराभोवतीचा ऊस जाऊन काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. तिसरी सुनंदा मेश्राम. ही भंडाऱ्याकडची, लीगल एडची कामं करायची, म्हणजे ज्यांना वकील परवडत नाही त्यांची. आणि चौथी मी, कोथरूडची वैद्यबाई.

हे सगळे किस्से जामिनाचे आहेत. सिनेमात जामीन मंजूर झाला की माणूस थेट बाहेर येतो आणि गाणं सुरू होतं. आमच्याकडे तसं नाही. मंजूर झाल्यावर जामीनदार लागतो. तो पुण्याचाच हवा, त्याचं रेशनकार्ड हवं, घराची टॅक्स पावती किंवा सातबारा हवा, आणि 'हा तारखेला आला नाही तर जबाबदारी माझी' असं कोर्टापुढे उभं राहून म्हणण्याची तयारी हवी. असा माणूस मिळाला नाही, तर जामीन मंजूर असूनही आतच! प्रल्हाद कापगते असाच अडकला होता. त्याच्याकडे येतेच, पण आधी जामीनदार नावाची जात कशी असते ते कळायला हवं.

* * *

कोर्टाच्या गेटासमोर, झेरॉक्सच्या टपरीशेजारी, एक मामा बसायचे. खरं नाव कुणालाच माहीत नाही. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, पिशवीत स्वतःचं रेशनकार्ड. ज्याला कुणी जामीनदार नाही त्याला मामा! ठरलेला मोबदला द्यायचा, की मामा आत येऊन तुमचे सख्खे चुलते होणार.

एकदा कोथरूडच्या एका सोसायटीत पार्किंगवरून दोन शेजाऱ्यांची जुंपली. दोघांनी एकमेकांवर तक्रारी केल्या, दोघांनाही अटक झाली. वकील वेगवेगळे. सकाळी पहिल्याच्या वकिलानं मामांना उभं केलं, सही झाली, गडी सुटला. दुपारी दुसऱ्याच्या वकिलानं जामीनदार म्हणून आणले तेही मामाच!

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. "अहो, सकाळी तुम्ही त्यांचे चुलते होतात. आता यांचे?"

"साहेब, भावकी मोठी आहे."

"ते दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेत. तारखेला दोघांनाही हजर कसं करणार आपण?"

मामा अत्यंत नम्रपणे म्हणाले, "साहेब, मी तर रोजच इथं हजर असतो. त्यांचं ते बघतील!"

* * *

आता म्हणाल, हे भाड्याचे झाले. खरे नातेवाईक बरे! तर तेही ऐका.

पेंडसे सरांचा एक अशील होता, चांगला शिकलेला, कर्वे रोडवर रिक्षावाल्याच्या कानाखाली वाजवून आलेला. जामीनदार म्हणून सासूबाई आल्या. अंगावर नारायणपेठी, हातात फ्लॅटच्या टॅक्सची पावती, सगळं कसं चोख. सर निर्धास्त होते.

न्यायाधीशांनी रिवाजाप्रमाणे समजावलं, "बाई, जावई तारखेला आले नाहीत तर दंड तुम्हाला भरावा लागेल. कल्पना आहे ना?"

सासूबाईंनी पिंजऱ्यातल्या जावयाकडे एकवार पाहिलं. "तारखेला? अहो, हा दिवाळसणाला निमंत्रण देऊन आला नाही, तुमच्या तारखेला काय येणार!"

पावती पर्समध्ये गेली, पर्सची चेन लागली, आणि सासूबाई रिक्षा करून घरी. कोर्टात हसू आवरेना. पेंडसे सर शांतपणे पिंजऱ्याजवळ गेले आणि अशिलाला म्हणाले, "आपल्याला जरा कमी ओळखणारं कुणी आहे का?"

* * *

दत्ताच्या चुलत्यांचा किस्सा तर खास हिंजवडीचा. गावातल्या एका पोराला सोडवायला हे तात्या जामीनदार म्हणून आले. गळ्यात बोटाएवढी चेन, बाहेर नवी कोरी गाडी, गाडीवर अजून शोरूमचा हार.

जामिनाच्या टेबलावरच्या क्लार्कनं न बघताच हात पुढे केला. "सातबारा?"

"जमीन विकली की!" तात्या म्हणाले. "कंपनी आली न्हवं तिथं."

"घर?"

"पाडलंय. बंगला चाललाय बांधायचा. टॅक्स पावती यायचीय अजून."

"मग तुमच्याकडे आहे तरी काय?"

तात्यांनी छाती पुढे काढली. "पैसा हाय!"

"पैसा नको. ऑर्डरमध्ये जामीनदार लिहिलंय. कागद आणा."

तात्या बाहेर येऊन पायरीवर बसले, ते बराच वेळ उठेचनात. दत्ता म्हणाला, "तात्या, काय झालं?" तर म्हणतात, "काय न्हाय रं. जमीन इकल्यापास्नं पैल्यांदाच कुनी म्हनलं, पैसा नको!" शेवटी दत्तानं अर्ज देऊन ऑर्डर बदलून घेतली तेव्हा पोरगा सुटला. तात्यांनी मात्र दुसऱ्याच आठवड्यात मुळशीकडे जमिनीचा एक तुकडा घेतला. म्हणाले, "आसू दे. परत यायची येळ आली तर!"

* * *

आणि मग प्रल्हाद कापगते आला.

साकोलीकडचा पोरगा, हिंजवडीत कंपनीची बस चालवायचा. एका सकाळी वळणावर बसचा एका मोटरसायकलला धक्का लागला. मोटरसायकलवर सक्सेना नावाचे एक मॅनेजर होते; पडले, मनगट मोडलं. त्यांनी तक्रार दिली आणि प्रल्हादला अटक झाली. गुन्हा जामीनपात्र. म्हणजे जामीन हा त्याचा हक्कच, कुणी मेहेरबानी करायची नाही. कोर्टानं पहिल्याच दिवशी ऑर्डर केली: एक जामीनदार द्या आणि जा.

द्या म्हणजे कुणाला द्या? बसच्या कंत्राटदारानं फोन उचलणं बंद केलं. खोलीवरची पोरं सगळी गोंदिया, वाशीम, हिंगोलीची, कॉट भाड्यानं घेऊन राहणारी. रेशनकार्डं गावाकडे. मामा होते, पण मामांना द्यायला प्रल्हादकडे काही नव्हतं, आणि सुनंदाचं ठाम होतं की ती भाड्याचा माणूस उभा करणार नाही.

आणि वेळ नव्हता. प्रल्हादनं म्हाताऱ्या वडिलांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आणलं होतं. एक डोळा गेलेलाच, दुसरा जायच्या वाटेवर. ट्रस्टच्या हॉस्पिटलात मोठ्या मुश्किलीनं पुढच्या आठवड्याची तारीख मिळाली होती. ती चुकली की पुन्हा रांगेच्या शेवटी. हॉस्पिटलची अट एकच, सही करायला आणि सोबत राहायला घरचं माणूस पाहिजे. घरचं माणूस तुरुंगात!

सुनंदा हिंजवडीला त्याच्या खोलीवर गेली तर म्हातारा दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बसचा आवाज ऐकत होता. तिनं त्याला सरळ आपल्या कोथरूडच्या घरी आणलं. तिथंही तो गॅलरीत बसून कान लावायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "हे नोहे. हे आपली बस नोहे."

हे कळल्यावर पेंडसे सर म्हणाले, "मेश्राम मॅडम, एवढं करताय तर तुम्हीच राहा की जामीन!"

"सर, वकिलानं अशिलाला जामीन राहायचं नसतं. नियमात बसत नाही."

"आणि अशिलाचा बाप घरी नेऊन ठेवणं, ते बसतं?"

"त्याबद्दल नियमच नाहीये सर!"

* * *

त्याच सुमारास कायदा बदलला होता. क्रिमिनल प्रोसिजर कोडच्या चारशे छत्तीस कलमात दुरुस्ती होऊन आली होती: जामीनपात्र गुन्ह्यातला आरोपी गरीब असेल आणि जामीनदार आणू शकत नसेल, तर त्याला जामीनदाराशिवाय, नुसत्या त्याच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडायचं. म्हणजे 'मी येईन' असं त्यानं स्वतः लिहून द्यायचं. बस! सुनंदानं हे आमच्या टेबलावर मोठ्यानं वाचून दाखवलं.

पेंडसे सरांनी चहाचा घोट घेतला. "बिनजामीनदाराचा जामीन! उद्या बिनफीचा वकील म्हणाल."

"तो आहेच ना सर," सुनंदा म्हणाली. "मी!"

दत्तानं टेबलावर थाप मारली तशी त्याच्या पायाखालचं ते जाडजूड पुस्तक सटकलं आणि चहा सगळा माझ्या कोटावर. पण काय हसलो आम्ही!

हसणं एक आणि काम एक. सुनंदानं लगेच अर्ज दिला. तर विचारणा झाली, गरीब असल्याचा दाखला कुठाय? दाखल्यासाठी तहसील कचेरीत गेली, तर तिथे रहिवासाचा पुरावा मागितला. पुराव्यासाठी घरमालकाकडे गेली, तर त्यानं टॅक्सच्या धास्तीनं खोली भाड्यानं दिलीच नसल्याचं सांगितलं. त्या खोलीबाहेर चार जणांचे लेंगे वाळत होते! कंत्राटदाराकडे पगाराचा कागद मागितला, तर तो म्हणाला, असा कुणी ड्रायव्हर आमच्याकडे नव्हताच.

संध्याकाळी ती टेबलावर डोकं ठेवून बसली. मला भडभडून आलं. म्हातारा घरी कान लावून बसलेला आणि हिला घरी जायला तोंड नाही.

पेंडसे सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे या देशात गरीब ठरायलासुद्धा ऐपत लागते!"

मग सर उठले, लायब्ररीतून तो दुरुस्तीचा कायदा घेऊन आले, आणि चष्मा लावून वाचत बसले. कलमाखाली बारीक अक्षरात एक स्पष्टीकरण होतं. सरांनी त्यावर बोट ठेवलं आणि पुस्तक सुनंदाकडे सरकवलं.

* * *

सुनावणीला आम्ही चौघंही गेलो. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. मधल्या काळात प्रल्हादला अटक होऊन आठवडा उलटला होता.

सक्सेना आले होते, हात गळ्यात. माणूस वाईट नव्हता, पण रागावलेला होता. त्यांनी सरकारी वकिलांच्या कानात सांगितलं ते आम्हाला मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं: "सर, बाहर का आदमी है, भाग जाएगा."

सरकारी वकील उठले. "युअर ऑनर, आरोपी बाहेरगावचा आहे. इथे घर नाही, दार नाही, ओळख नाही. आणि तो गरीब असल्याचा एकही कागद मॅडमनी दिलेला नाही. पुरावा कुठे आहे?"

न्यायाधीशांनी सुनंदाकडे पाहिलं. "बोला मॅडम. आहे पुरावा?"

"आहे, सर." सुनंदानं पिंजऱ्याकडे हात केला. "हा अजून आत आहे, हाच पुरावा!"

सरकारी वकील हसले. "हे काय उत्तर झालं?"

"उत्तर माझं नाही, संसदेचं आहे. अटकेपासून आठवड्यात ज्याला जामीन देता येत नाही, तो गरीबच आहे असं धरून चालायला तेवढं कारण पुरे. स्पष्टीकरणात लिहिलंय. वाचावं सरांनी."

न्यायाधीशांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग सरकारी वकिलांकडे पुस्तक वळवून धरलं आणि अगदी थंडपणे म्हणाले, "दाखला मागत होतात ना? हा घ्या. दिल्लीहून आलाय!"

मागच्या बाकावर कुणीतरी जोरात बाक बडवला. शिपाई ओरडला, "शांतता!" बघते तर बाक बडवणारे पेंडसे सर! सगळ्या वकिलीत ज्यांनी कोर्टात साधं खोकलेलं कुणाला आठवत नाही, ते!

* * *

ऑर्डर झाली, पण अजून जामिनाचं टेबल बाकी होतं. तिथल्या क्लार्कनं बाँड पुढे ओढला, आरोपीचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि पेन थांबलं.

"जामीनदाराचं नाव?"

"जामीनदार नाही," सुनंदा म्हणाली.

"नाही कसा? रकाना आहे ना!"

"मोकळा सोडा."

"मोकळा?" त्यानं असं पाहिलं की जणू कुणी त्याला विनाहेल्मेट नाही, विनापँट घरी जायला सांगितलंय. "मॅडम, माझ्या सगळ्या नोकरीत मी एक रकाना मोकळा सोडलेला नाही. वरून विचारणा झाली तर? निदान मामांचं तरी लिहू का?"

ऑर्डर दाखवून झाली, कलम दाखवून झालं. तो म्हणे, कलम बरोबर आहे, पण रकान्याचं काय? बाहेर दिवस कलायला लागला. संध्याकाळपर्यंत कागद तुरुंगात पोचला नाही तर प्रल्हाद ती रात्र आतच राहणार, आणि उद्या सकाळी हॉस्पिटलात सहीला कुणी नसणार. सुनंदाच्या डोळ्यात पाणी आलं.

तेव्हा पेंडसे सर पुढे झाले. "अहो, आपल्या टेबलासमोर माणसं सकाळपासून मोकळी बसलेली असतात, त्याचं आपल्याला काही वाटत नाही. एक रकाना बसला मोकळा तर बिघडलं कुठं?"

क्लार्कचा चेहरा पडला. मग त्यानं पट्टी घेतली, लाल पेन घेतलं, आणि त्या रकान्यात अत्यंत सुबक अशी एक आडवी रेघ मारली. "मोकळा नाही सोडलेला," तो म्हणाला. "रेघ आहे!"

दत्तानं कागद घेतला आणि मोटरसायकलला किक मारली. येरवड्यापर्यंत त्यानं कुठला सिग्नल पाळला आणि कुठला नाही, हे आम्ही विचारलं नाही. पण दिवेलागणीला प्रल्हाद बाहेर होता, आणि सकाळी हॉस्पिटलात सही त्याचीच होती! जिंकलो! मी घरी येऊन एकटीनं श्रीखंड-पुरीचा बेत केला. नवऱ्यानं विचारलं, "कसला सण?" मी म्हटलं, "तुम्ही जेवा!"

म्हाताऱ्याच्या डोळ्यावरची पट्टी सुटली तेव्हा सुनंदा समोर होती. त्यानं तिला डोळा किलकिला करून खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि पोराला म्हणाला, "अरे, ही तं लहानशी पोरगी हाय! आवाजावरून मले वाटलं का मोठी साह्यबीन हाय."

* * *

आता खरी मजा. बार रूममध्ये आमचं कौतुक झालं, असं वाटलं असेल तर तुम्हाला बार रूम माहीत नाही.

"पक्षी उडाला मॅडम!" जो तो सुनंदाला सांगायचा. "जामीनदार नाही म्हणजे लगाम नाही. तारखेला येतोय कशाला?" पैजा लागल्या, चहापासून मिसळीपर्यंत. सुनंदा वरवर हसायची, पण धास्ती तिलाही होती. हा एक जण आला नाही, तर पुढच्या प्रत्येक गरिबाच्या अर्जाला लोक प्रल्हादचं नाव सांगणार होते.

तारखेच्या दिवशी पुकारा झाला. सरकारी वकील रजेवर. तपास करणारे हवालदार बंदोबस्तावर. पंच आलेले नाहीत. फिर्यादी सक्सेना, गैरहजर. आणि आरोपीच्या वकील सुनंदा मेश्राम? त्या संचेतीच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या!

पहिल्या बाकावरून एकच माणूस उठला. धुतलेला शर्ट, केसाला तेल, हात जोडलेले. "हजर हाव जी."

न्यायाधीशांनी रिकाम्या कोर्टाकडे एक नजर टाकली आणि टायपिस्टला म्हणाले, "लिहा. आरोपी हजर. बाकी सगळे फरार!"

पैजेची मिसळ पुढे आठवडाभर चालली. प्रल्हाद मग प्रत्येक तारखेला आला. त्याला दुसऱ्या एका कंत्राटदाराकडे पुन्हा हिंजवडीचीच कंपनीची बस मिळाली होती, तरी तारखेच्या दिवशी पाळी बदलून तो पुकाऱ्याच्या आधी हजर. शिपायाला तर त्याची इतकी सवय झाली की कुणी विचारलं, कोर्ट सुरू झालं का, तर तो म्हणायचा, "प्रल्हाद बसलाय का बघा. बसला असेल तर होईलच आता."

आणि त्याच्या जोरावर आमचं टेबल सुटलं ना! सुनंदानं अर्ज करायचा, कुणी हरकत घेतली की म्हणायचं, "सर, कापगतेला सोडलं होतं, तो बघा, बसलाय!" बिगारी, हमाल, वॉचमन, एकेक करून सुटत गेले. क्लार्कच्या पट्टीवरची लाल शाई वाळेना!

* * *

एके दिवशी सकाळी टेबलापाशी कोण आलं असेल? मामा! पण सदऱ्याला इस्त्री नाही, आणि सोबत पोलीस.

"पोटावर पाय आणलात मॅडम," मामा सुनंदाला म्हणाले. धंदा बसला म्हणून मामांनी टपरीशेजारच्या दुसऱ्या एका भाड्याच्या जामीनदाराशी गिऱ्हाइकावरून मारामारी केली होती. गुन्हा जामीनपात्र.

"मग जामीनदार द्या की!" दत्ता म्हणाला. "तुमच्याएवढी वळख कुनाची हाय इथं?"

मामांनी मान खाली घातली. "सगळ्यांना विचारलं. कुणी उभं राहीना. म्हणतात, तुझा काय भरवसा!"

पेंडसे सर खुर्चीत मागे रेलले. सुख म्हणजे नक्की काय असतं ते त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मामा सुनंदाकडे वळले आणि हळूच म्हणाले, "तुमचं ते रेघेचं जमेल का?"

* * *

प्रल्हादच्या केसमध्ये फिर्यादी सक्सेना काही येईनात. ते कंपनीतर्फे परदेशी गेले होते, परतले, घर बदललं, आणि समन्स जुन्या पत्त्यांवर फिरत राहिली. शेवटी कोर्टानं वॉरंट काढलं, जामीनपात्र. तेव्हा सक्सेना धावत आले. मनगट बरं झालेलं, गळ्यात कंपनीचं कार्ड, चेहरा घामानं डबडबलेला. कोर्ट भरलेलं होतं. आम्ही तिघं मागे होतो, सुनंदा आपल्या जागेवर आणि प्रल्हाद नेहमीप्रमाणे पहिल्या बाकावर.

"वॉरंट आहे आपल्यावर," न्यायाधीश म्हणाले. "पुढच्या तारखेला याल याची खात्री काय? जामीनदार द्या."

"सर, मैं कंपनी में मॅनेजर हूँ."

"असाल. घर?"

"रेंट पे है, सर."

"घरमालक?"

"वो दुबई में रहते हैं."

"रेशनकार्ड?"

"भोपाल का है, सर."

"कुणाला तरी बोलवा."

सक्सेना बाहेर जाऊन फोन करू लागले. एक मित्र मीटिंगमध्ये होता. दुसरा म्हणाला, बघतो आणि कळवतो. एचआरला लावला, तर एचआरनं सांगितलं, मेल टाका! ते परत आत आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. पिंजऱ्याच्या कडेला उभे राहिले, मोबाइल नुसताच हातात. मला तो माणूस बघवेना.

न्यायाधीशांनी विचारलं, "एवढ्या मोठ्या पुण्यात आपल्याला ओळखणारा एकही माणूस नाही?"

सुनंदा कलम सांगायला उठतच होती. तेवढ्यात पहिल्या बाकावरून प्रल्हाद उभा राहिला.

"हाय ना जी. मी वळखतो साह्यबाले. मी राहतो जामीन."

सरकारी वकील एकदा आरोपीकडे बघतात, एकदा फिर्यादीकडे. टायपिस्टची बोटं हवेत. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"प्रल्हाद," ते म्हणाले, आणि हसू दाबत होते की काय कोण जाणे, "यांनी तुमच्यावर बस बेदरकार चालवल्याची फिर्याद केली आहे. समजतंय ना? आणि उद्या हे तारखेला आलेच नाहीत, तर यांना आणणार कसं तुम्ही?"

सक्सेनांनी मान खाली घातली.

"त्याची चिंता नोका करू जी," प्रल्हाद म्हणाला. "रोज माह्याच बसमंदी तं बसतेत!"